जुन्या सेडानला मोठी अलॉय व्हील्स बसवताय? आधी टायरवरचे आकडे वाचायला शिका

गेल्या पावसाळ्यात मुंबई-गोवा रस्त्यावर माणगावच्या थोडं अलीकडे आम्ही तीन तास कडेला उभे होतो. गाडी २०११ ची होंडा सिटी. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे आलेली. महिनाभर आधीच मी तिला १७ इंची अलॉय व्हील्स बसवली होती. फोटो एकदम भारी येत होते. आणि मग पाण्याने भरलेला एक खड्डा दिसलाच नाही. धाडकन आवाज झाला आणि डावीकडचा पुढचा टायर दोन सेकंदांत बसला.

स्टेपनी होती, जॅक होता, पान्ना होता. तरीही तीन तास लागले, कारण स्टेपनीला नटच नीट बसेनात. असं का झालं ते पुढे येईलच. पण त्या तीन तासांत आई-बाबांना छत्री धरून उभं केल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: मी चाकं घेतली होती ती फक्त डिझाइन बघून. साइज, ऑफसेट, नट यांतलं काहीही मी विचारलं नव्हतं, आणि दुकानदारानेही आपणहून सांगितलं नव्हतं.

जुनी सेडान हातात आली की बहुतेकांची पहिली इच्छा हीच असते. २००८ च्या शेवटी आलेली आणि २०१३ पर्यंत विकली गेलेली ती सिटी असो, जुनी व्हर्ना असो की डिझायर, आजच्या गाड्यांशेजारी तिची चाकं बारीक दिसतात. ती मोठी करता येतात, त्यात काही गैर नाही. फक्त फोन घेताना जसं आपण प्रोसेसर, बॅटरी, डिस्प्ले सगळं तपासतो, तसं इथेही करायचं. चला, माझ्याच गाडीचं उदाहरण घेऊन बघूया.

टायरवर नक्की काय लिहिलेलं असतं?

माझ्या सिटीचा मूळ टायर आहे १७५/६५ आर१५. टायरच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साइडवॉलवर, हे ठळक अक्षरांत असतं. अंधारात वाचता येत नसेल तर फोनचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात.

१७५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. आणि मधला ६५? इथेच बहुतेकांचा घोळ होतो. हे मिलिमीटर नाहीत, टक्के आहेत. साइडवॉलची उंची ही रुंदीच्या ६५ टक्के. म्हणजे १७५ चे ६५ टक्के, साधारण ११४ मिमी. त्यामुळे १९५/६५ आणि १७५/६५ या दोघांवर ६५ लिहिलेलं असलं तरी दोघांच्या साइडवॉलची उंची वेगळी. पहिल्याची जास्त.

आता पूर्ण चाकाचा व्यास काढायचा. रिमच्या वर एक साइडवॉल, खाली एक साइडवॉल, मध्ये रिम. फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा: १५ इंच गुणिले २५.४ म्हणजे ३८१ मिमी. त्यात ११३.७५ दोनदा मिळवा. उत्तर ६०८.५ मिमी. हा आकडा तुमच्या गाडीसाठी काढून फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, कारण पुढचा सगळा खेळ याच एका आकड्याभोवती आहे.

रिम मोठी करायची, चाक नाही

हे ऐकायला विचित्र वाटतं. पण मोठी अलॉय बसवताना टायरसकट पूर्ण चाकाचा व्यास जवळपास तेवढाच ठेवायचा असतो. रिम एक इंच वाढली की साइडवॉल तेवढी कमी करायची. दिसायला चाक मोठं दिसतं, कारण आपल्या डोळ्याला धातू दिसतो, रबर नाही.

माझ्या ६०८.५ च्या समोर बाजारात मिळणारे पर्याय ठेवून बघतो.

१८५/५५ आर१६: ६०९.९ मिमी. फरक पाव टक्क्याच्याही आत. जवळजवळ तंतोतंत.
१९५/५० आर१६: ६०१.४ मिमी. एक टक्क्याहून थोडा जास्त लहान.
२०५/४५ आर१७: ६१६.३ मिमी. सव्वा टक्क्याच्या आसपास मोठा. हाच मी बसवला होता.
२०५/५५ आर१६: ६३१.९ मिमी. जवळपास पावणेचार टक्के मोठा.

शेवटचा मुद्दाम दिलाय. २०५/५५ आर१६ हा अनेक मोठ्या सेडान गाड्यांचा साइज आहे, त्यामुळे दुकानात तो हमखास स्टॉकमध्ये असतो. "सोळाचाच आहे ना साहेब, बसतो" असं म्हणून तो गळ्यात मारला जाऊ शकतो. रिमवर तो बसतोही. पण गाडीच्या मापात बसत नाही. चाक २३ मिमीने मोठं झालं की फेंडरच्या आत घासायची शक्यता, गिअर नकळत लांब झाल्यासारखे वाटणं, पिकअप मंदावणं आणि स्पीडोमीटर चुकणं, सगळं एकदम येतं.

स्पीडोमीटरचं गणित सोपं आहे. गाडीला रस्ता दिसत नाही, तिला फक्त फेरे मोजता येतात. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त अंतर कापलं जातं, पण मीटर जुन्याच हिशोबाने चालतो. म्हणजे मीटर कमी दाखवतो आणि गाडी जास्त पळते. पावणेचार टक्क्यांचा फरक असेल तर ओडोमीटर १०,००० किमी दाखवेल तोपर्यंत गाडी, जुन्या चाकांच्या तुलनेत, जवळपास ४०० किमी जास्त धावलेली असेल. "अलॉय टाकल्यापासून मायलेज पडलं" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी काहींचं मायलेज थोडं तरी कागदावरच पडलेलं असतं, ते यामुळे.

टायरवाले सहसा दोन-तीन टक्क्यांपर्यंत चालतं म्हणतात. माझं मत विचाराल तर एक टक्क्याच्या आत राहा, आणि मोठ्या बाजूला जाताना जास्तच जपून.

हे फोनवर तपासता येतं

कुठलंही जीपीएस स्पीड दाखवणारं ॲप घ्या, किंवा गाडी चालू असताना वेग दाखवणारं नेव्हिगेशन ॲप चालेल. मोकळ्या सरळ रस्त्यावर स्पीडोमीटरवर ६० चा काटा स्थिर धरा आणि शेजारी बसलेल्याला जीपीएसचा आकडा वाचायला सांगा. शेजाऱ्याला, तुम्ही नाही. चाकं बदलायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

आधीच्या मापनात बहुधा जीपीएस थोडा कमी वेग दाखवेल. घाबरू नका, कंपन्या स्पीडोमीटर मुद्दाम थोडा पुढे दाखवणारा ठेवतात. समजा आधी ६० ला जीपीएस ५७ दाखवत होता. १८५/५५ आर१६ बसवल्यावर तो ५७ च्याच आसपास राहायला हवा. ५९ च्या पुढे गेला, तर तुमच्या गाडीखाली २०५/५५ सारखं काहीतरी आहे असं समजा. बोगद्यात, उंच इमारतींमध्ये किंवा वळणावर जीपीएस नीट वाचत नाही, तेव्हा जागा बघून टेस्ट करा.

दोन सेंटीमीटर रबराची किंमत

आता माणगावच्या खड्ड्याकडे येतो. माझ्या मूळ टायरची साइडवॉल होती ११४ मिमी. १७ इंचीची झाली ९२ मिमी. फरक जेमतेम २२ मिमी, अंगठ्याच्या रुंदीएवढा. एवढ्याने काय होणार असं मलाही वाटलं होतं.

खड्ड्याच्या कडेवर चाक आदळतं तेव्हा टायर दबतो. आतली हवा आणि ती साइडवॉल मिळून धक्का झेलतात. साइडवॉल उंच असेल तर दबायला जागा असते. ती संपली की रबर रिमची कड आणि खड्ड्याची कड या दोघांच्या मध्ये चेपलं जातं, अडकित्त्यात सुपारी सापडावी तसं. आतले धागे तुटतात. कधी तिथल्या तिथे टायर फाटतो, कधी फाटत नाही पण दोन दिवसांनी बाजूला फुगा दिसतो. साइडवॉलला फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, त्यावर पॅच लागत नाही, तो बदलायचाच. आणि तरीही धक्का उरला तर तो रिम खाते. कास्ट अलॉयला बाक येतो किंवा तडा जातो. जुनी लोखंडी रिम हातोडीने सरळ करून घ्यायचे, तसं अलॉयचं होत नाही.

म्हणूनच साइज निवडताना पहिला प्रश्न "कुठली भारी दिसते" हा नाही, "गाडी कुठे चालते" हा आहे. पुण्या-मुंबईत ऑफिसला आणि कधीतरी एक्सप्रेसवेवर, एवढंच असेल तर १६ इंच आरामात जमतं. दर महिन्याला कोकणात किंवा गावच्या रस्त्याला जाणं असेल तर मी १५ वरच थांबा म्हणेन आणि पैसे चांगल्या टायरवर घाला. १७ इंच या गाडीला? बसतं, दिसतंही छान. पण मी पुन्हा घालणार नाही.

रुंदीचंही असंच. रुंद टायरने कोरड्या रस्त्यावर पकड आणि वळणावरचा विश्वास वाढतो, हे खरं. पण साचलेल्या पाण्यावर रुंद टायरला समोरचं पाणी बाजूला सारायला जास्त कष्ट पडतात, आणि तो अरुंद टायरपेक्षा कमी वेगाला तरंगायला लागतो. आपल्याकडे चार महिने पाऊस आहे. १७५ वरून १८५ किंवा १९५ ठीक, त्यापुढे जाताना टायरच्या खाचा किती खोल आहेत हे जास्त काटेकोरपणे बघत राहावं लागेल. १.६ मिमी ही कायद्याने ठरलेली किमान खोली आहे, आणि ती दाखवणाऱ्या छोट्या उंचवट्याच्या पट्ट्या खाचांच्या आतच असतात. पावसाळ्यात तिथवर वाट बघू नका.

साइजच्या पुढचा तो छोटा आकडा

१७५/६५ आर१५ च्या पुढे माझ्या टायरवर '८४' आणि एक अक्षर आहे. याकडे कोणी बघत नाही. हा ८४ म्हणजे भाराचा निर्देशांक: तो एक टायर योग्य हवेवर जास्तीत जास्त ५०० किलो पेलू शकतो. ८२ म्हणजे ४७५, ८३ म्हणजे ४८७, ८८ म्हणजे ५६० किलो. शेवटचं अक्षर वेगाचं. टी म्हणजे १९० किमी, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०.

नियम असा की हे दोन्ही मूळ टायरपेक्षा खाली जाऊ नयेत. गंमत म्हणजे ज्या १८५/५५ आर१६ ला मी तंतोतंत म्हटलं, तो सहसा ८३ चा येतो. म्हणजे मूळपेक्षा एक पायरी खाली. पण होंडाने २०१७ च्या फेसलिफ्ट सिटीच्या वरच्या व्हेरिएंटला हाच साइज दिला होता, आणि पाच माणसं, भरलेली डिक्की धरून ही जुनी सिटी साधारण दीड टनाच्या आसपास जाते. चार टायर मिळून १,९४८ किलो पेलतात. पुढच्या चाकांवर भार जास्त असतो हे धरूनही जागा उरते. त्यामुळे या गाडीसाठी मला ते चालतं. पण तुमची गाडी वेगळी असेल तर हा तर्क तिला तसाच लावू नका, तिचा आकडा काढा.

साइडवॉल कमी झाली की टायरमधली हवाही कमी होते, त्यामुळे तेवढाच भार पेलायला प्रेशर थोडं जास्त लागू शकतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमधला आकडा मूळ साइजसाठी आहे. नव्या साइजचं प्रेशर टायर कंपनीच्या डीलरकडून भाराचा तक्ता बघून घ्या. "३५ मारा सगळीकडे" हे उत्तर नाही.

रिम घेताना दुकानात विचारायचे प्रश्न

टायर जमला, आता रिम. इथे चार-पाच मापं आहेत आणि एक चुकलं तरी सगळं चुकतं.

पहिलं, पीसीडी. चार नट ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. सिटीला ४×१०० लागतं, म्हणजे चार नट, १०० मिमीचं वर्तुळ. ४×९८ किंवा ४×१०८ ची रिम "थोडं दाबून" बसवणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

दुसरं, मधलं भोक. होंडाच्या हबचा व्यास ५६.१ मिमी आहे. बाहेरची अलॉय अनेक गाड्यांना चालावी म्हणून तिचं भोक मोठं ठेवतात. मधली ती पोकळी भरायला प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची पातळ रिंग मिळते, तिला हब रिंग म्हणतात. किंमत अगदी किरकोळ. ती नसेल तर चाक मधोमध बसत नाही आणि ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मग लोक तीन-तीनदा बॅलन्सिंग करून घेतात आणि थरथर काही जात नाही.

तिसरं, ऑफसेट. रिमच्या मागे 'ईटी' आणि एक आकडा कोरलेला असतो, फोन मागे सरकवून फोटो काढला की दिसतो. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेरच्या दिशेला आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं. समजा जुनी रिम ५.५ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे, आणि नवी ७ इंच रुंद, ईटी ३८. हिशोब केला तर नव्या रिमची बाहेरची कड २६ मिमी बाहेर येते आणि आतली कड १२ मिमी आत जाते. म्हणजे बाहेर फेंडरला घासणार आणि आत सस्पेन्शनजवळ जाणार, दोन्ही बाजूंनी मार. शिवाय चाक बाहेर गेल्याने बेअरिंगवरचा ताण वाढतो, आणि जुन्या गाडीत ते आधीच थकलेले असतात. मूळ ऑफसेटच्या जितकं जवळ राहाल तितकं बरं. बाहेर आलेली चाकं रीलमध्ये छान दिसतात, पावसात मात्र सगळा चिखल दारावर उडवतात.

चौथं, रिमची रुंदी टायरला जुळते का. १८५/५५ ला ५ ते ६.५ इंच रुंदीची रिम चालते, ६ इंच उत्तम. २०५/४५ ला ६.५ ते ७.५ लागते. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवायची एक फॅशन आहे. खड्ड्यात सगळ्यात आधी त्याच रिम्स जातात, कारण कड उघडीच असते.

आणि पाचवं, नट. इथेच आम्ही माणगावला अडकलो. होंडाच्या मूळ नटाचं टोक गोलसर असतं, चेंडूच्या तुकड्यासारखं, आणि रिममधली बैठकही तशीच गोल. बाहेरच्या बहुतेक अलॉयची बैठक मात्र शंकूसारखी निमुळती असते. गोल नट शंकूच्या बैठकीत घातला तर तो घट्ट वाटतो, पण प्रत्यक्षात एका बारीक रेषेवरच टेकलेला असतो. धावता धावता तो सैल होतो. काही दुकानं नव्या नटांचे पैसे वाचवायला हेच करतात, आणि चालत्या गाडीचं चाक निघून येण्याइतकी ती गंभीर चूक आहे.

माझ्या दुकानदाराने ही चूक केली नव्हती. त्याने निमुळते नवे नट बरोबर लावले आणि जुने नट प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले. ती पिशवी मी घरी कपाटात ठेवली. रस्त्यात स्टेपनी काढली, ती मूळ होंडाची, तिची बैठक गोल. माझ्याकडचे चारही नट निमुळते. लावले तर चाक हलत होतं. बाबांनी हाताने हलवून दाखवलं आणि म्हणाले, "यावर मी बसणार नाही." शेवटी माणगावचा एक पंक्चरवाला त्याच्या डब्यातले चार जुने होंडाचे नट घेऊन बाइकवर पावसात आला, तेव्हा आम्ही हललो.

तेव्हा मोठी अलॉय बसवल्यावर जुने नट डिक्कीत स्टेपनीच्या शेजारीच ठेवायचे. आणि नट आवळताना न्यूमॅटिक गन लावून "टर्रर" करून सोडून देऊ नका म्हणावं. या होंडासाठी १०८ न्यूटन-मीटर एवढा टॉर्क असतो, टॉर्क पान्ना असलेल्या दुकानात तो मोजून लावतात. नवी अलॉय बसवल्यावर ५० ते १०० किमी चालवून पुन्हा एकदा तपासून घ्यायचं.

वजन, कायदा आणि विमा

मोठं चाक बऱ्याचदा जड असतं, आणि धातू मध्यापासून लांब गेल्यामुळे ते फिरवायला आणि थांबवायलाही जास्त जोर लागतो. विमानप्रवासाची बॅग तोलायचा लटकता काटा घरी असेल तर दुकानात घेऊन जा. जुनं टायरसकट चाक आणि नवं टायरसकट चाक दोन्ही तोला. दुकानदार हसेल, हसू द्या. फरक दोन किलोंच्या वर असेल तर मी दुसरं डिझाइन बघेन.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर जाणाऱ्या बदलांविरुद्ध कडक भूमिका घेतली. त्यामुळे सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे कंपनीनेच त्या मॉडेलच्या एखाद्या व्हेरिएंटला दिलेला साइज निवडणं, चाक फेंडरच्या बाहेर न काढणं आणि विमा कंपनीला ईमेलवर कळवून लेखी उत्तर घेणं. अलॉय महागडी असतील तर त्यांचा वेगळा विमाही विचारून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी त्यांची किंमत धरली जाईलच असं नाही.

पैसे द्यायच्या आधी

दहा-बारा वर्षांच्या गाडीला नवी चाकं म्हणजे नव्या बुटांसारखी. पाय दुखत असेल तर बूट बदलून काय होणार? आधी गाडी लिफ्टवर चढवून लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शॉकअप आणि बेअरिंग तपासून घ्या. मऊ उंच टायर आजवर जे धक्के पोटात घालत होता, ते आता थेट यांच्यावर येणार आहेत. आधीच सैल असलेला बुश मोठ्या चाकांवर पहिल्याच महिन्यात खडखडायला लागतो, आणि दोष मग अलॉयला दिला जातो.

टायरवर 'डीओटी'च्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. डिस्काउंटवाला टायर हातात आला की आधी हे वाचा. आयएसआय चिन्ह टायरवरही हवं आणि रिमवरही. रिमच्या मागे ती किती किलो पेलते तेही कोरलेलं असतं.

जुनी अलॉय घेत असाल तर मागची बाजू टॉर्च मारून बघा. वेल्डिंगची खूण, नवा रंग मारलेला ठिपका, कडेचा बारीक तडा, यांपैकी काहीही दिसलं तर नको. बॅलन्सिंग मशीनवर रिम रिकामीच फिरवून दाखवायला सांगा, आणि फोनवर स्लो मोशनमध्ये तिचा व्हिडिओ काढा. बाक असेल तर डोळ्याला दिसला नाही तरी व्हिडिओत कड वरखाली होताना दिसतेच.

बसवून झाल्यावर दुकानाच्या दारातच एक ट्रायल घ्या. पाच जण बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, आणि त्याच अवस्थेत हळूच स्पीडब्रेकरवरून न्या. एकाने बाहेर उभं राहून फेंडरच्या आतला आवाज ऐकायचा. घासत असेल तर फेंडरची कड ठोकून आत घ्यायचा सल्ला मिळेल. घेऊ नका, साइज बदलून मागा. त्यानंतर अलाइनमेंट. टायर कापला की नाही हे कळायला महिनाभर थांबू नका.

आणि बजेट एकाच गोष्टीचं असेल तर टायर घ्या, रिम नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी टायरमुळे थांबते.

माझ्या सिटीला आता १६ इंची आहेत, १८५/५५, सहा इंच रुंद रिम, ऑफसेट मूळच्या जवळचा. १७ इंचीतल्या तीन रिम चांगल्या होत्या, चौथीला तडा होता, त्यामुळे सेट विकताना भाव अर्ध्याच्याही खाली आला. माणगावच्या त्या पंक्चरवाल्याने चार नटांचे पैसे घेतले नाहीत. ते नट आता स्टेपनीच्या खाली, कापडी पिशवीत आहेत, आणि पिशवीवर आईने मार्करने लिहिलंय: "जुने नट. काढू नये."